हाकोने गवत
(जपानी — उराहागुसा, फूचिसो, लॅ. हाकोनेक्लोआ मॅक्रा, कुल-ग्रॅमिनी, पोएसी). सावलीत वाढणारे, बहुवर्षायू (अनेक वर्षे जगणारे) शोभिवंत गवत. ते मूळचे जपानचे असून तेथील होन्शू बेटाच्या मध्य भागातील, पॅसिफिक महासागराच्या बाजूच्या डोंगराळ प्रदेशात निसर्गतः आढळते. जपानबाहेर ते रानटी अवस्थेत आढळत नाही. हाकोनेक्लोआ ह्या प्रजातीत ही एकच जाती आहे. टोकिओच्या नैर्ऋत्येस कानागावा प्रांतात असलेल्या हाकोने ह्या ज्वालामुखी पर्वतप्रदेशाचे नाव आणि गवत ह्या अर्थाचा ‘क्लोआ’ हा ग्रीक शब्द ह्यांवरून प्रजातीचे शास्त्रीय नाव बनले आहे. समशीतोष्ण प्रदेशांतील बागांत झाडांखाली, उत्तराभिमुख भिंतींच्या कडेला, उतारांवर आणि कुंड्यांत ते लावतात. बहुतेक शोभिवंत गवतांना भरपूर ऊन लागते. त्यामुळे सावलीत केवळ तग न धरता चांगले वाढणारे व रंग राखणारे गवत म्हणून ह्याला उद्यानविद्येत विशेष महत्त्व आहे. मात्र सावली ही त्याच्या गरजांपैकी एक आहे. सतत ओलसर पण पाणी साचून न राहणारी जमीन ही दुसरी तितकीच महत्त्वाची गरज होय.

नामकरण व वर्गीकरण : ह्या गवताचे पहिले शास्त्रीय वर्णन ब्रिटिश सेनाधिकारी व तृणतज्ञ विल्यम मन्रो (१८१८–८०) ह्यांच्या नावाशी निगडित आहे. मन्रो ह्यांची बरीच वर्षे भारतात सैनिकी सेवेत गेली. बांबूंवरील त्यांचा प्रबंध १८६८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी हाकोने गवताचा समावेश नळाच्या प्रजातीत (फ्रॅग्माइटिस) केला होता. पुढे जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ तोमितारो माकिनो (१८६२–१९५७) ह्यांनी ते वेगळ्या प्रजातीचे मानून तिला सध्याचे नाव दिले व मासाजी होंडा ह्यांनी १९३० मध्ये जपानी गवतांवरील आपल्या ग्रंथात ते रीतसर प्रसिद्ध केले. मन्रो ह्यांचा मूळ अंदाज अगदीच निराधार नव्हता. आधुनिक वर्गीकरणात हाकोने गवत व नळ ही दोन्ही अरुंडिनॉइडी ह्या उपकुलातील मोलिनीई ह्या गटात घातली जातात. भारतात नदीनाल्यांच्या काठी माणसापेक्षा उंच वाढणारा नळ आणि जपानातील कड्यांवर जेमतेम गुडघाभर वाढणारे हे गवत ह्यांच्यात बाह्यतः साम्य दिसत नसले, तरी त्यांचे नाते जवळचे आहे आणि ओलाव्याची आवड दोहोंत समान आहे.

वनस्पतिवर्णन : ह्या गवताची उंची सु. ३०–६० सेंमी. असते. मूलक्षोड (जमिनीखालील आडवे खोड) बारीक, शाखायुक्त व उथळ असून ते हळूहळू पसरते. त्यामुळे दाट पण आटोपशीर गंज तयार होतो. संधिक्षोडे (पेरी व सांधे असलेली खोडे) बारीक, तारेसारखी, प्रथम उभी व नंतर एका बाजूस झुकणारी. पाती साधी, एकाआड एक, लांबट, टोकाकडे निमुळती, साधारणपणे १०–२५ सेंमी. लांब व सु. १ सेंमी. रुंद, पातळ व कागदासारखी. सर्व पाती प्रकाशाच्या दिशेने एकाच बाजूला ओणवी होत असल्यामुळे पूर्ण वाढलेला गंज उतारावरून ओघळणाऱ्या पाण्याच्या प्रवाहासारखा दिसतो. फुलोरा (परिमंजरी) लहान, विरळ व नाजूक असून तो ऑगस्ट ते ऑक्टोबर ह्या काळात येतो. कणिशके पिवळट हिरवी असून त्यांतील प्रत्येकात अनेक लहान पुष्पके असतात. फुलोरा बहुधा पानांतच दडलेला राहतो. शोभेच्या दृष्टीने ह्या गवताचे सर्व महत्त्व पानांना आहे. शरद ऋतूत पाती नारिंगी, तांबूस किंवा ताम्रवर्णी होतात, हिवाळ्यात वाळून गवताळ पिवळी पडतात आणि वसंत ऋतूत मूलक्षोडापासून नवे कोंब वर येतात.

पानांच्या रचनेत एक विलक्षण गोष्ट आढळते. पात्याच्या तळाशी पीळ असल्यामुळे संपूर्ण पाते उलटे होते. रचनेच्या दृष्टीने जी वरची बाजू, ती निळसर पांढरी असून जमिनीकडे वळते आणि खालची, हिरवी व चकचकीत बाजू आकाशाकडे येते. ‘उराहागुसा’ ह्या जपानी नावाचा अर्थ ‘उलट्या पानाचे गवत’ असाच आहे. ओळख पटविण्यास हे लक्षण सोपे व खात्रीचे आहे. असा पीळ उष्ण कटिबंधातील अरण्यांत सावलीत वाढणाऱ्या फॅरस ह्या गवताच्या पानांतही आढळतो. ‘फूचिसो’ ह्या दुसऱ्या जपानी नावाचा अर्थ ‘वारा जाणणारे गवत’ असा आहे. वाऱ्याची झुळूक माणसाला जाणवण्यापूर्वीच ह्याची हलकी पाती हलू लागतात, ह्यावरून ते पडले. जपानी हायकू काव्यात हे नाव उन्हाळ्याचा सूचक शब्द म्हणून योजले जाते.

नैसर्गिक अधिवास : बागेतील निगा समजून घेण्यास ह्या गवताचे मूळ ठिकाण पाहणे उपयुक्त ठरते. ते डोंगरउतारांवरील ओल्या खडकांच्या भेगांत, दऱ्यांच्या कडांवर व कड्यांवरून लोंबत वाढते. हाकोने परिसरात वार्षिक पर्जन्यमान ३,००० मिमी.हून अधिक असून १२ ऑक्टोबर २०१९ रोजी हागिबिस ह्या चक्री वादळात तेथे एका दिवसात ९२२·५ मिमी. पावसाची नोंद झाली. एवढे पाणी पडूनही कड्यावर ते साचत नाही. ते सतत झिरपत व वाहत राहते. भेगांत साठलेल्या कुजलेल्या पाल्याच्या थरात मुळांना ओलावा मिळतो आणि त्याबरोबरच हवाही मिळते. वरच्या झाडांमुळे व कड्यांच्या आडोशामुळे प्रखर ऊन थेट लागत नाही. पण आकाशाचा मोकळा, विखुरलेला प्रकाश मात्र पुष्कळ मिळतो. छाटून आलेला प्रकाश, वाहता ओलावा, थंड मुळे व मोकळी हवा ह्या चार गोष्टी एकत्र असतील तेथेच हे गवत उत्तम वाढते. त्यांपैकी केवळ पहिली लक्षात घेऊन केलेली लागवड बहुधा फसते.

सावली व गवते : गवत म्हणजे उघड्या माळावरची वनस्पती अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु गवतांच्या कुलातील सर्वांत प्राचीन शाखा अरण्यातील सावलीत वाढणाऱ्या असून त्यांचे काही प्रतिनिधी अद्याप तेथेच आढळतात. माळराने व्यापणारी गवते नंतर उत्क्रांत झाली. ज्वारी, मका, ऊस, हरळी ह्यांसारख्या उष्ण प्रदेशीय गवतांत कार्बन डाय-ऑक्साइड वायू पेशींत संहत करण्याची विशेष यंत्रणा असते. तीमुळे प्रखर उन्हात व उष्णतेत प्रकाशसंश्लेषण वेगाने होते. मात्र ती चालविण्यास जादा ऊर्जा खर्च होते आणि मंद प्रकाशात हा खर्च परवडत नाही. हरळीचे हिरवळीचे मैदान मोठ्या झाडाखाली विरळ पडते ह्याचे हे एक कारण होय. हाकोने गवतात अशी यंत्रणा नाही. गहू, भात व बांबू ह्यांच्याप्रमाणे त्याचे प्रकाशसंश्लेषण साध्या पद्धतीने चालते. त्याची पाती पातळ व रुंद असून ती एकमेकींवर फारशी न येता पसरतात. त्यामुळे थोड्या प्रकाशाचाही उपयोग होतो. मात्र पातळ पात्यांतून पाणी लवकर निघून जाते. म्हणून उष्ण, कोरड्या वाऱ्यात व दुपारच्या उन्हात त्यांची टोके व कडा करपतात.

प्रकार : रानटी गवत पूर्णपणे हिरवे असते. जपानी बागवानांनी निवडून जतन केलेल्या व नंतर इतरत्र निवडलेल्या प्रकारांपैकी पुढील प्रमुख आहेत. ‘ऑरिओला’ हा सर्वांत प्रसिद्ध प्रकार असून त्याची पाती पिवळी व त्यांवर हिरव्या बारीक उभ्या रेघा असतात. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने १९९३ मध्ये त्याला उद्यान गुणवत्ता पारितोषिक दिले. अमेरिकेतील बहुवर्षायू वनस्पती संघटनेने २००९ ह्या वर्षाची वनस्पती म्हणून त्याची निवड केली. ‘ऑल गोल्ड’ ह्याची पाती संपूर्ण पिवळी, काहीशी ताठ व वाढ मंद असते. ‘अल्बोस्ट्रायेटा’ ह्याच्या हिरव्या पात्यांवर पांढऱ्या रेघा असून तो इतर रेघाळ प्रकारांपेक्षा जोमदार व ऊन अधिक सोसणारा आहे. ‘निकोलस’ व ‘बेनी-काझे’ ह्यांची पाती उन्हाळ्यात हिरवी व शरद ऋतूत लाल होतात.

पिवळ्या व पांढऱ्या भागांत हरितद्रव्य कमी असते किंवा मुळीच नसते. त्यामुळे अशा प्रकारांची वाढ हिरव्या प्रकारापेक्षा मंद असते व उन्हाने ते लवकर करपतात. बीजापासून हे रंग कायम राहत नाहीत. त्यांची अभिवृद्धी गंज विभागूनच करावी लागते. रेघाळ गंजात कधीकधी संपूर्ण हिरवा कोंब उगवतो. तो अधिक जोमदार असल्यामुळे तसाच राहू दिल्यास काही वर्षांत सर्व गंज व्यापतो. म्हणून तो दिसताच मूलक्षोडासह काढून टाकतात.

जागेची निवड : सकाळचे कोवळे ऊन व दुपारी सावली किंवा दिवसभर झाडांच्या पानांतून झिरपणारा प्रकाश ही उत्तम स्थिती होय. ‘ऑरिओला’ ह्या प्रकारात पानांचा रंग हाच प्रकाशाचे मान दाखवितो. दाट सावलीत पाती पोपटी-हिरवट होतात व पिवळ्या-हिरव्या रेघांतील फरक पुसट होतो; मध्यम सावलीत ती सोनेरी पिवळी राहतात; उन्हात ती फिकट, मलईच्या रंगाची होऊन कडांनी तपकिरी पडतात. रंगातील हे बदल रोगाची लक्षणे नसून जागेविषयीची सूचना असते. पाती हिरवट झाल्यास वरच्या फांद्या विरळ करून प्रकाश वाढविणे व ती फिकट पडून करपू लागल्यास आडोसा करणे किंवा गंज हलविणे हा त्यावर उपाय होय. अशा वेळी खत वाढविल्याने काही साधत नाही.

मोठ्या झाडाखालील सर्वच सावली सारखी नसते. ज्यांची मुळे उथळ व दाट असतात अशा झाडांखाली जमीन कोरडी राहते. पावसाचे पाणी वरच्या पानांवर अडते आणि खाली पोहोचलेले मुळे शोषून घेतात. अशा कोरड्या सावलीत हाकोने गवत प्रथम वाढत नाही, मग पातळ होते व शेवटी मरते. सावलीत लावूनही ते मेल्याच्या अनुभवाचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. ह्याच्या उलट, सखल जागी हिवाळ्यात पाणी साचल्यास मूलक्षोड कुजते. भारी चिकणमातीत वाढ फार मंद राहते.

लागवड : जमीन सु. २५–३० सेंमी. खोल खणून भुसभुशीत करतात व तीत पालापाचोळ्याचे कुजलेले खत भरपूर मिसळतात. किंचित अम्ल ते उदासीन जमीन चांगली. चिकणमाती असल्यास जागा उंच करून किंवा उतारावर लागवड करतात. लागवडीस वसंत ऋतूचा आरंभ योग्य. त्यामुळे उन्हाळ्यापूर्वी मुळे जमिनीत स्थिरावतात. रोपे पूर्वी कुंडीत जेवढी खोल होती तेवढीच ठेवतात. कोंबांचा तळ मातीत गाडला गेल्यास तो सडण्याचा संभव असतो. जमीन झाकण्यासाठी लागवड करावयाची असल्यास रोपांत सु. ४० सेंमी. अंतर ठेवतात, ह्या अंतराने दर चौ. मी. जागेस सु. ६ रोपे लागतात. पाती एका बाजूस झुकत असल्यामुळे पायऱ्या, दगडी बांध किंवा पाऊलवाट ह्यांच्या वरच्या कडेस लावलेली रोपे अधिक शोभून दिसतात.

वाढ मंद असते. पहिल्या वर्षी जमिनीवर फारसा फरक दिसत नाही. गंज पूर्ण आकारास येण्यास तीन ते पाच वर्षे लागतात. म्हणूनच जागेची निवड काळजीपूर्वक करणे आवश्यक ठरते. चुकीच्या जागी लावलेले हंगामी फूलझाड एका हंगामात बदलता येते. ह्या गवताच्या बाबतीत चूक ध्यानात येईपर्यंत दोनतीन वर्षे निघून जातात. मात्र मंद वाढीमुळे ते बागेत बेसुमार पसरत नाही आणि शेजारच्या वनस्पतींना त्याचा उपद्रव होत नाही.

निगा : पहिली दोन वर्षे जमिनीतील ओलावा कायम राखणे ही सर्वांत महत्त्वाची बाब होय. वरचा २–३ सेंमी. थर सुकू लागताच पाणी देतात. पाणी थोडे थोडे वारंवार शिंपडण्यापेक्षा मुळांपर्यंत पोहोचेल असे सावकाश देणे चांगले. कुजलेल्या पानांचे सु. ५ सेंमी. जाडीचे आच्छादन पसरल्याने मुळे थंड व ओलसर राहतात आणि तण कमी उगवते. आच्छादन कोंबांपासून किंचित दूर ठेवतात. वसंत ऋतूत कुजलेल्या खताचा पातळ थर दिला की तो वर्षभर पुरतो. नत्रयुक्त खते जास्त दिल्यास पाती मऊ पडतात व लोळतात.

वाळलेली पाती हिवाळाभर तशीच ठेवतात. त्यांच्यामुळे मूलक्षोडाचे थंडीपासून काही अंशी रक्षण होते. हिवाळ्याच्या अखेरीस, नवे कोंब वर येण्यापूर्वी, ती जमिनीलगत कापतात. कापणीस उशीर झाल्यास कोंबांची कोवळी टोके छाटली जातात व त्या वर्षीची पाने तुटक दिसतात. सुप्तावस्थेत हे गवत सु. –२५° से.पर्यंतची थंडी सहन करू शकते.

रोग व किडी ह्यांचा उपद्रव क्वचितच होतो. वसंत ऋतूत गोगलगाई कोवळे कोंब खातात. त्या रात्री वेचून काढणे पुरेसे असते. हरणे हे गवत सहसा खात नाहीत. करपलेली टोके ही बहुधा रोगाची नसून ऊन, कोरडा वारा किंवा पाण्याचा अभाव ह्यांची खूण असते.

अभिवृद्धी : वसंत ऋतूच्या आरंभी, कोंब फुटू लागताना, पूर्ण वाढलेला गंज उपटून धारदार सुरीने त्याचे तुकडे करतात. प्रत्येक तुकड्यास अनेक कोंब व भरपूर मुळे असावी लागतात. फार लहान तुकडे केल्यास ते पुन्हा जोम धरण्यास बराच काळ घेतात. तुकडे एक हंगाम कुंडीत सावलीत वाढवून नंतर जमिनीत लावणे सुरक्षित असते. गंज आपण होऊन मध्यभागी विरळ पडत नाही. त्यामुळे रोपे हवी असतील तेव्हाच विभागणी करतात.

उपयोग : जपानमध्ये हे गवत कुंडीत वाढविण्याची रीत रूढ आहे. उथळ मातीच्या भांड्यातील फूचिसोचा गंज उन्हाळ्यात घराच्या ओसरीवर किंवा दारापाशी ठेवतात. पात्यांची हालचाल पाहून गारव्याचा भास व्हावा हा त्यामागील हेतू असतो. बोन्साय मांडताना वृक्षाच्या शेजारी ऋतूची सूचना म्हणून रानगवताची छोटी कुंडी ठेवतात. त्यासाठीही ते वापरतात. पाश्चात्त्य बागांत नेचे, रुंद पानांचे होस्टा व जपानी मॅपल ह्यांच्या सान्निध्यात ते लावतात. विशेषतः निळसर पानांच्या होस्टाशेजारी ‘ऑरिओला’चा पिवळा रंग उठून दिसतो आणि काळोखा कोपरा उजळल्यासारखा वाटतो.

भारतीय परिस्थिती : हे गवत थंड हिवाळा व सौम्य उन्हाळा असलेल्या प्रदेशातील आहे. उष्ण व कोरड्या प्रदेशांत ते टिकत नाही. त्यामुळे महाराष्ट्राच्या पठारावरील उन्हाळा त्यास मानवणारा नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर, उदा., महाबळेश्वर येथे, वर्षाला ५,००० मिमी.हून अधिक पाऊस पडत असला, तरी तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर ह्या काळात पडतो व पुढील सातआठ महिने जमीन कोरडी होत जाते. हाकोने येथील पाऊस वर्षभर विभागलेला असतो. पावसाचे एकूण मान मोठे असूनही दोन्ही ठिकाणची परिस्थिती सारखी नाही, ती ह्यामुळे. हिमालयातील थंड हवेच्या ठिकाणी उन्हाळ्यात पाण्याची सोय असल्यास परिस्थिती त्यास अधिक अनुकूल ठरू शकते. उष्ण प्रदेशात सावलीतील जमीन झाकण्यासाठी रुंद पात्यांचे कार्पेट गवत (ॲक्झोनोपस काँप्रेसस) हे खरे गवत, तसेच गवतासारखी दिसणारी पण वेगळ्या कुलातील मोंडो गवत (ओफिओपोगॉन) व क्लोरोफायटम ह्या वनस्पती लावतात. त्यांची शोभा निराळी असली, तरी तेथील हवामानात त्या सहज वाढतात.